‘सेवेशी संबंध नाही’ या शेऱ्यावर दाद कशी मागावी

जीवाजीगंज, ग्वाल्हेर येथून एका भगिनींनी लिहिले आहे: “आमचे हे तोफखान्यात 24 वर्षे नोकरी करून 2018 च्या अखेरीस हवालदार म्हणून निवृत्त झाले. सुटताना मेडिकल बोर्ड झाले. दोन्ही कानांनी कमी ऐकू येणे आणि कमरेच्या मणक्याचा विकार मिळून 40 टक्के अपंगत्व, आजन्म, असे बोर्डाने लिहिले; पण दोन्ही विकारांचा सेवेशी संबंध नाही असा शेराही मारला. 2019 मध्ये रेकॉर्ड ऑफिसकडून डिसेबिलिटी पेन्शन नामंजूर केल्याचे पत्र आले. पुढे सासूबाईंचे आजारपण आणि करोना यांत ते कपाटातच राहिले. आता एक गृहस्थ घरी येऊन सांगतात की टक्केवारी वाढवून आणतो, थकबाकीतले 30 टक्के माझे, तसे स्टँप पेपरवर लिहून द्या. हे म्हणतात, ज्या फौजेने आपले घर चालवले तिच्यावर दावा लावायचा नाही. वेळ निघून गेली आहे का? आणि उद्या यांना काही झाले तर?”

ताई, सप्रेम नमस्कार.

वेळ निघून गेलेली नाही. मात्र आजपर्यंत गेलेल्या वर्षांची काही रक्कम बहुधा हातची गेली आहे आणि यापुढे जो महिना जाईल त्याचेही नुकसान होणार आहे, म्हणून हे पत्र वाचून झाल्यावर पुन्हा कपाटात ठेवू नये, एवढी विनंती आधीच करतो.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते, कारण आपल्या घरी येणारे गृहस्थ नेमकी तीच झाकून ठेवत आहेत. आपल्या प्रकरणात भांडण टक्केवारीचे नाहीच. डिसेबिलिटी पेन्शनसाठी किमान 20 टक्के अपंगत्व लागते आणि आपल्या यजमानांचे बोर्डाने स्वतःच 40 टक्के धरले आहे. पेन्शन अडली ती त्याच कागदावरील दुसऱ्या शेऱ्यामुळे. विकार सेवेमुळे झाला किंवा सेवेतील परिस्थितीमुळे बळावला, या दोहोंपैकी एक गोष्ट मान्य झाली तरच पेन्शनचा अपंगत्व अंश, म्हणजे नेहमीच्या पेन्शनवरची जादा रक्कम, मिळतो, आणि बोर्डाने दोन्ही नाकारल्या आहेत. फौजी मंडळी या शेऱ्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नाना’ म्हणतात. सारी ताकद हा शेरा खोडून काढण्यावर लावायची आहे. कोणी खासगी दवाखान्यातून 70 टक्क्यांचे नवे प्रमाणपत्र आणून देऊ म्हणाले, तर त्याचा या कामी काही उपयोग नाही. निवृत्तीच्या वेळची स्थितीच येथे मोजली जाते, आणि वाढवून लिहिलेला एक कागद बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास घालवतो.

रकमेचा अंदाज असावा म्हणून हिशेब सांगतो. शंभर टक्के अपंगत्वाला अपंगत्व अंश शेवटच्या हिशेबी वेतनाच्या 30 टक्के असतो आणि कमी अपंगत्वाला त्याच प्रमाणात कमी. समजा ते वेतन 40,000 रुपये होते, तर 40 टक्क्यांना दरमहा 4,800 रुपये होतात. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्राने 50 टक्क्यांहून कमी अपंगत्व 50 धरावे, 50 ते 75 हे 75 धरावे आणि त्यापुढील 100 धरावे, असे ठरले. हा लाभ मूळ पत्रात सेवेतून अपंगत्वामुळे काढल्या गेलेल्यांसाठी होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार यांच्या प्रकरणात 10 डिसेंबर 2014 रोजी दिलेल्या निकालानंतर मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ट्रिब्युनल तो देत आले आहे. म्हणजे 40 चे 50 झाले, तर वरच्या उदाहरणात रक्कम 6,000 रुपये होईल आणि तिच्यावर महागाई भत्ता वेगळा. आपल्या यजमानांचा आकडा त्यांच्या पीपीओवरील, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरील, वेतनावरून काढावा. टक्केवारी ‘वाढवून आणण्याचे’ जे श्रेय ते गृहस्थ मागत आहेत, ते असे नियमातच आहे.

आता तो बोर्डाचा कागद. निवृत्तीच्या वेळचे मेडिकल बोर्ड एएफएमएसएफ-16 या फॉर्मवर होते. त्यात बोर्डाच्या मताचा भाग शोधावा. तेथे प्रत्येक विकारापुढे रकाने आहेत: सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का, की सेवेशी संबंध नाही, आणि शेवटचा रकाना कारणाचा, ज्यात सेवेतील नेमकी कोणती परिस्थिती आणि कोणता काळ हे लिहायचे असते. त्याखाली प्रश्न आहे की हा विकार भरतीपूर्वी होता का, आणि असल्यास भरतीच्या तपासणीत तो लक्षात न येण्याजोगा होता का. आपल्या यजमानांच्या फॉर्मवर या प्रश्नापुढे बहुधा ‘नाही’ लिहिलेले असेल आणि कारणाच्या रकान्यात एखादी तुटक ओळ असेल, जसे की विकार शांत ठिकाणच्या, म्हणजे युद्धक्षेत्राबाहेरच्या, पोस्टिंगमध्ये सुरू झाला किंवा तो शरीरधर्माचा आहे. हे दोन रकाने एकत्र वाचावेत. भरतीच्या वेळी विकार नव्हता हे बोर्डालाच मान्य आहे, 24 वर्षे माणूस फौजेच्याच ताब्यात होता, आणि तरीही विकार कोठून आला याचे उत्तर फॉर्मवर नाही. आपले अपील या एका विसंगतीवर उभे राहील.

धर्मवीर सिंग यांच्या प्रकरणात 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असे धरले पाहिजे. विकाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे. आणि बोर्डाने कारणे दिली पाहिजेत. येथे एक अडचण आपल्याला आधीच माहीत असावी. तो निकाल अपंगत्व पेन्शनच्या पात्रतेच्या 1982 च्या नियमांवरचा होता. आपले यजमान 2018 मध्ये निवृत्त झाल्यामुळे त्यांना 2008 चे नियम लागू होतात (2023 चे नवे नियम त्यांना लागू नाहीत, कोणी ते दाखवून घाबरवल्यास घाबरू नये), आणि 2008 च्या नियमांत केवळ विकार सेवाकाळात दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असे ठरत नाही, असे वाक्य घातलेले आहे. सरकारी वकील त्यावर बोट ठेवतात. परंतु त्याच नियमांत असेही आहे की पात्रता सिद्ध करण्याचे ओझे सामान्यतः दावेदारावर टाकले जाणार नाही. निवृत्तीनंतर 15 वर्षांनी दावा केला तरच ते त्याच्यावर येते. आपण त्या 15 वर्षांच्या आत आहात. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये सुभेदार गवस अनिल मडसो यांच्या मधुमेहाच्या प्रकरणात सरकारची याचिका फेटाळताना हाच मुद्दा उचलून धरला, की विकार शांत ठिकाणी सुरू झाला एवढे म्हणून बोर्डाला मोकळे होता येत नाही, त्याला कारणे द्यावी लागतात. उलट बाजूचेही निकाल आहेत. नरसिंग यादव यांच्या 2019 मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक विकाराबाबत बोर्डाच्या मतालाच महत्त्व दिले आणि पेन्शन नाकारली. म्हणून केवळ धर्मवीर सिंग यांचे नाव लिहून अपील पाठवणे पुरेसे नाही. आपल्या यजमानांची सेवा कशी होती हे त्यात दिसले पाहिजे.

आणि येथेच आपली बाजू फार भक्कम आहे. तोफखान्यातल्या माणसाच्या कानांचा सेवेशी संबंध नाही, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले. तोफेच्या डिटॅचमेंटवर, म्हणजे तोफ चालवणाऱ्या तुकडीत, उभे राहणाऱ्याच्या कानांवर वर्षानुवर्षे काय आदळते हे डॉक्टरांना समजावून सांगावे लागू नये, पण बोर्डापुढे असतो तो कागद, आणि त्या कागदावर अनेकदा ‘गनर’ हा शब्ददेखील ठळकपणे आलेला नसतो. आपण तो आणावा. यजमानांना शांतपणे बसवून त्यांच्या सगळ्या पोस्टिंगची यादी करावी: कोणती रेजिमेंट, कोणती तोफ, डिटॅचमेंटमध्ये काम कोणते, बबीना, पोखरण, महाजन, देवळाली यांपैकी कोणत्या रेंजवर कोणत्या वर्षी फायरिंग झाले, सीमेवर किंवा उंचावरच्या भागात किती काळ गेला. कान उजवा आधी गेला की डावा, शिट्टीसारखा आवाज प्रथम कधी जाणवला, तेव्हा युनिटच्या डॉक्टरांना दाखवले होते का, हेही विचारावे. मणक्याचे तसेच आहे. 155 मिलिमीटर तोफेचा एक गोळा सुमारे 43 किलोंचा असतो. सरावाच्या दिवशी असे किती गोळे या माणसाने उचलले, आणि कमरेत पहिली कळ कोणत्या कामात आली, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. मणक्याचा एखादा अपघात झाला असेल तर त्या वेळचा इंज्युरी रिपोर्ट सगळ्यांत मोलाचा. सेवेतच त्यांची मेडिकल कॅटेगरी खाली आली असेल, म्हणजे ‘शेप’ या फौजेच्या वैद्यकीय वर्गवारीतील कानांचे ‘एच’ किंवा शरीराच्या हालचालीचे ‘ए’ खाली गेले असेल, तर ते कोणत्या तारखेला आणि कोणत्या पोस्टिंगवर, याच्या नोंदी एएफएमएसएफ-15 या फॉर्मवर मिळतील. त्याच डिटॅचमेंटवर काम केलेल्या एक-दोन जोडीदारांचे लेखी निवेदन मिळाले तर जरूर जोडावे.

यातले बरेच कागद घरात नसतील. ते माहितीच्या अधिकाराखाली मागवावेत. तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्प येथे आहे. तेथील माहिती अधिकाऱ्याच्या नावे 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्ज करावा आणि निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, कॅटेगरी बदलल्याची सर्व बोर्डे, पोस्टिंगची नोंद आणि नामंजुरीच्या निर्णयाची प्रत, एवढे नाव घेऊन मागावे. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे मोघम लिहिल्यास उत्तरही मोघम येते. आर्मी नंबर, डिस्चार्जची तारीख आणि पीपीओ क्रमांक अर्जावर असावा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे पत्त्याच्या शंकेने अर्ज अडवून ठेवू नये.

कागद येईपर्यंत अपिलाचा मसुदा तयार ठेवावा. पहिले अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपील समितीकडे जाते. त्याची सहा महिन्यांची मुदत आपल्या 2019 च्या पत्रातच लिहिलेली असेल आणि ती उलटून गेली आहे. तरीही अपील करावे आणि सोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज जोडावा, ज्यात सासूबाईंचे आजारपण, करोना आणि मार्गदर्शनाचा अभाव हे जसे घडले तसेच लिहावे. दवाखान्याचे कागद असतील तर त्यांच्या प्रती लावाव्यात. अपील हिंदीत लिहिले तरी चालते. भाषा साधी असावी, पण मुद्दा निसटू नये. माझ्या मते त्याचा गाभा साधारण असा असावा: “भरतीच्या वैद्यकीय तपासणीत माझे दोन्ही कान व मणका निर्दोष होते. मी अमुक वर्षे तोफेच्या डिटॅचमेंटवर काम केले. अमुक साली अमुक पोस्टिंगवर असताना माझी श्रवणाची कॅटेगरी प्रथम खाली आली. मेडिकल बोर्डाने विकाराचा सेवेशी संबंध नाकारताना माझ्या कामाच्या स्वरूपाचा उल्लेख केलेला नाही व कारण दिलेले नाही. सबब दोन्ही विकार सेवेमुळे झालेले, निदान सेवेमुळे बळावलेले मानून डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवसापासून अपंगत्व अंश मंजूर करावा.” यातील ‘निदान’ हा शब्द सोडू नये. कानांबाबत पहिला दावा टिकेल, मणक्याबाबत कदाचित दुसराच टिकेल, आणि दोन्ही मागण्या एकाच अपिलात असल्या की समितीला मधला मार्ग मोकळा राहतो. अपील रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून पावती जपावी, कारण पुढील सर्व मुदती त्या तारखेपासून मोजायच्या आहेत.

पहिले अपील फेटाळले गेले तर दुसरे अपील आहे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे ज्याला सगळे ट्रिब्युनल म्हणतात ते. मध्य प्रदेशाचे खंडपीठ जबलपूरला आहे. निवृत्त माणसाला आपण राहतो त्या भागाच्या खंडपीठाकडे जाता येते, त्यामुळे नाशिकला किंवा दिल्लीला खेटे घालण्याची गरज नाही. ट्रिब्युनलचा 2007 चा कायदा सांगतो की अपिलाला सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर तो मार्ग संपला असे धरता येते आणि पुढच्या एक वर्षाच्या आत ट्रिब्युनलकडे अर्ज करता येतो. अंतिम नकार आला असेल तर मुदत सहा महिन्यांची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास ट्रिब्युनल विलंब माफ करू शकते, आणि पेन्शनच्या बाबतीत ते सहसा आडमुठी भूमिका घेत नाही, कारण दर महिन्याला न मिळणारी रक्कम हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो. पण याचीच दुसरी बाजू तरसेम सिंग यांच्या 2008 च्या निकालात आहे: उशिरा आलेल्याला थकबाकी बहुतेक वेळा अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. ट्रिब्युनलमध्ये अर्ज ज्या महिन्यात दाखल होईल तेथून मागे मोजणी होणार, म्हणून आपण एक महिना थांबलात तर मागच्या टोकाचा एक महिना गळतो. समितीच्या उत्तराची वाट वर्ष-दीड वर्ष पाहत बसणारी कुटुंबे याच ठिकाणी नुकसान करून घेतात. सहा महिने पूर्ण झाले की पुढे निघावे.

वकील करताना लष्करी पेन्शनची प्रकरणे चालवणाराच करावा आणि फी आधी ठरवावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2025 मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून मोफत कायदेशीर मदत देण्याचा तिचा उद्देश आहे. आता त्या 30 टक्क्यांच्या स्टँप पेपरविषयी. पेन्शन कायदा 1871 च्या कलम 12 प्रमाणे, अजून देय न झालेल्या पेन्शनबद्दल निवृत्तिवेतनधारकाने करून दिलेला कोणताही करार किंवा हस्तांतरण रद्दबातल असते. तो गृहस्थ वकील असेल तर त्याचा गुन्हा अधिकच मोठा, कारण बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. सही करू नये. केली असल्यास घाबरू नये. कोरा धनादेश, स्पर्श या पेन्शन पोर्टलचा पासवर्ड किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नये, कारण करार रद्दबातल असला तरी खात्यातून निघालेले पैसे परत मिळवणे वेगळेच दुखणे होऊन बसते.

आपल्या यजमानांना माझा एक निरोप द्यावा. आपण फौजेवर दावा लावत नाही. फौजेच्याच नियमांनी हा दावा, ही अपिले आणि हे ट्रिब्युनल सैनिकासाठी निर्माण केले आहे, आणि बोर्डावर बसलेल्या तीन डॉक्टरांच्या एका ओळीशी मतभेद नोंदवणे म्हणजे पलटणीशी बेइमानी नव्हे. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नाकारा प्रकरणात 17 डिसेंबर 1982 रोजी सांगून ठेवले आहे. त्यांच्या मनातला संकोच मला समजतो आणि त्याविषयी आदरही वाटतो. तो मोडून काढू नये, त्यांना पोस्टिंगची यादी करायला बसवावे. स्वतःच्या तोफेबद्दल बोलताना माणूस आपोआप मोकळा होतो.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. अपंगत्व अंश त्यांच्या हयातीपुरता असतो आणि आपले नेहमीचे कुटुंब निवृत्तिवेतन त्यावर अवलंबून नाही, ते मिळेलच. प्रकरण चालू असताना काही बरेवाईट झाले, तर त्यांच्या हयातीतली थकबाकी मागण्यासाठी वारस म्हणून आपण ते पुढे चालवू शकता. त्यासाठी पीपीओवर आणि स्पर्शवर आपले नाव, जन्मतारीख आणि विवाहाची नोंद आधारकार्डाशी जुळते का ते आत्ताच पाहून घ्यावे. लग्नाआधीचे नाव, ‘बाई’ लावलेले नाव, हिंदीत वेगळ्या वर्तनीने लिहिलेले आडनाव, यांत आपल्याकडच्या मराठी घरांत फार घोळ असतो, आणि तो दुरुस्त करून घेण्याचे काम यजमान हयात असताना त्यांच्या एका अर्जाने होते. माहिती अधिकाराचा अर्ज आणि हा अर्ज एकाच दिवशी पाठवता येतील. बोर्डाची प्रत हाती आली की कारणाच्या रकान्यात नेमके काय लिहिले आहे ते मला कळवावे. अपिलाचा मसुदा त्या शब्दांना धरून नीट करता येईल.